काकूंचा एक तास

रविवारी सकाळी साडेआठला काका न्हाणीघराच्या दारात टॉवेल गुंडाळून उभे राहिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "अगं, माझी आंघोळ झालीय का?"

आता काका काही विसराळू नव्हते. एका मोठ्या कचेरीत छाननी विभागाचे ते हेडक्लार्क होते आणि वीस वर्षांपूर्वी कुणी कुठला रकाना कोरा सोडला होता, हे ते आजही सांगू शकत. पण ज्या घरात एका हाकेवर उत्तर मिळतं, त्या घरात स्वतःच्या डोक्याला ताप कोण देणार? त्यामुळे घरातले मोजे, बाहेरचं हवामान, आजचा वार आणि स्वतःची भूक यांची सगळी माहिती काका काकूंकडूनच घेत. त्यांना भूक लागलीय की नाही, हे काकूंना त्यांच्याआधी कळायचं.

काकू बस स्थानकात चौकशीच्या खिडकीवर बसायच्या. सत्तावीस वर्षं. समोर काच, काचेला बशीएवढं भोक आणि त्या भोकातून दिवसाचे आठ तास प्रश्न. अमुक गाडी किती वाजता, तमुक कुठल्या फलाटावर, ती गेली का, गेली असेल तर आम्हाला न घेता का गेली. एकाने तर नुसतंच "मी कुठे जाऊ?" असं विचारलं होतं आणि काकूंनी मान वर न करता त्याला फलाट चारवर पाठवलं होतं. तो माणूस पुढे महिनाभराने आभार मानायला आला. घरी आल्यावर काका. परगावी शिकणारी लेक दिवसातून दोनदा फोन करून विचारायची, दूध उतू गेल्यावर आधी गॅस बंद करायचा की पातेलं उचलायचं. शेजारीपाजारी होतेच. इमारतीच्या पाण्याच्या टाकीत पाणी किती आहे, हेसुद्धा लोक गच्चीवर न जाता काकूंना विचारत.

तर त्या रविवारी काकूंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्या बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या.

"झालीय तुमची आंघोळ," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. मला एक तास हवाय."

"कशाला?"

"कशाला नाही. नुसता. ज्या तासात मला कुणीही काहीही विचारणार नाही. महिनाअखेरपर्यंत मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर एक तारखेला मी ताईकडे जाते. तीन महिने. स्वेच्छानिवृत्ती घेतेय म्हणा. नोकरीतून नाही, घरातून."

"तीन महिने का?"

"हे बघा, विचारलंतच!"

काका टॉवेलवरच खाली बसले. काकू उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आणि तीन महिने! पहिल्या दिवशी सकाळी आपण कुठल्या कुशीवर उठायचं, इथपासून काकांपुढे अंधार होता. पण खरं सांगायचं तर भीती नुसती मोज्यांची नव्हती. निम्म्या प्रश्नांची उत्तरं काकांना ठाऊक असत. हाक मारली की आतून "ओ" येतो, तेवढं ऐकायला ते विचारत. ही गोष्ट त्यांनी बायकोला कधी सांगितली नव्हती आणि आत्ता टॉवेलवर बसून सांगणं बरंही दिसलं नसतं. "तास मिळेल," एवढंच ते म्हणाले.

पण तास मिळणार कुठे? घरात अशक्य. बागेत व्यायाम करणारे. वाचनालयात बसावं तर ग्रंथपाल बाईच काकूंना पुस्तकं कुठे लावली ते विचारायच्या. शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तोडगा काढला. पोस्टमास्तरांनी सगळं जग पत्त्यांवरून पाहिलं होतं, त्यामुळे कुठेही न जाता त्यांना सगळीकडची माहिती होती.

"पाणथळ!" ते म्हणाले. "बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे. मोठं तळं, बाजूला बोरूचं उंच गवत माजलंय, काठाला झाड आणि झाडाखाली एक बाक. सरकारी राखीव जागा. चिटपाखरू नसतं तिथे."

"पक्ष्यांसाठीच राखीव आहे ना ती?"

"माणसांचं चिटपाखरू म्हणतोय मी. चाळीस वर्षांत त्या पत्त्यावर एक पत्र आलं नाही, आणखी काय पुरावा हवा? फक्त परवानगी काढावी लागते. एक अर्ज भरायचा."

अर्ज म्हटल्यावर काकांच्या अंगात बळ आलं. आयुष्यभर लोकांचे अर्ज ज्याने तपासले, त्याला एक अर्ज भरणं म्हणजे हातचा मळ.

घात झाला तो इथेच. अर्जात चौतीस रकाने होते. पहिले सहा सरळ होते. नाव, पत्ता, वय वगैरे. उरलेल्या अठ्ठावीस रकान्यांपुढे कंसात 'असल्यास' असं लिहिलं होतं. सोबतचा तज्ज्ञ, असल्यास. उपकरणे, असल्यास. निरीक्षणाचा विषय, असल्यास. दुसऱ्या कुणी सहा भरून सही ठोकली असती. पण काकांच्या कचेरीत त्यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध होता: कोरा रकाना म्हणजे अर्ज परत. 'लागू नाही' लिहिलं तरी परत, कारण 'लागू नाही' म्हणजे भरणाऱ्याचा आळस. एका ब्रह्मचाऱ्याला त्यांनी अपत्यांच्या रकान्यात 'शून्य, तूर्त' असं लिहायला लावलं होतं. अशा माणसाने स्वतःच्या अर्जात अठ्ठावीस रकाने कोरे सोडायचे? उद्या कचेरीत कुठल्या तोंडाने जायचं?

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरला गेला. पोस्टमास्तर आलेच होते. वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी, म्हणजे इमारतीचे, दिवा का जळतोय ते बघायला म्हणून आले आणि बसले.

"तज्ज्ञ," काकांनी वाचलं.

"मी आहे की!" पोस्टमास्तर म्हणाले. "अकरा वर्षं पोपट पाळला होता मी."

"उपकरणे."

"माझ्याकडे दुर्बीण आहे," सेक्रेटरी म्हणाले. "समोरच्या इमारतीतले लोक गाड्या कुठे लावतात ते बघायला घेतलीय. लिहा. पण दुर्बीण मी कुणाच्या हातात देत नाही. ती जाईल तिथे मी जाणार."

"निरीक्षणाचा विषय."

इथे मात्र तिघेही अडले. काकांनी बराच विचार केला आणि जे खरं होतं ते लिहिलं: 'शांतता'. आतून काकूंनी विचारलं, "काय चाललंय?" आणि तिघांनी एकदम सांगितलं, "काही नाही."

निसर्ग रक्षणाचं कार्यालय शहराच्या मध्यभागी तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथली एकही खिडकी उघडत नव्हती. एका बंद पंख्याखाली परवाना अधिकारी बसले होते. त्यांनी अर्ज हातात घेतला, पहिल्या रकान्यापासून चौतिसाव्यापर्यंत बोट फिरवलं आणि चष्मा काढून पुसला.

"बारा वर्षं या खुर्चीवर आहे," ते म्हणाले. "पूर्ण भरलेला अर्ज आज पाहिला."

काकांनी नम्रपणे मान खाली घातली. आयुष्यात एवढी समजून घेणारी दाद त्यांना मिळाली नव्हती.

"आता अडचण अशी आहे," अधिकारी म्हणाले, "सहाच रकाने भरले असतेत तर मी इथल्या इथे शिक्का मारून दिला असता. दोन माणसं, एक तास, जा बसा. पण तुम्ही तज्ज्ञ दाखवलात, उपकरण दाखवलंत, विषय दाखवलात. हे अभ्यास पथक झालं. पथकाला किमान अकरा माणसं लागतात."

"मग अर्ज मागे घेतो. नवा भरतो, सहा रकान्यांचा."

"मागे घेण्याचा अर्ज वेगळा. त्याचा निकाल साडेतीन महिन्यांनी लागतो. तोवर नवा घेता येत नाही." अधिकाऱ्यांनी हळहळून मान हलवली. "शिवाय विषय 'शांतता' लिहिलाय. शास्त्रीय नाव?"

"शांततेचं?"

"यादीत असल्याशिवाय मला पुढे पाठवता येणार नाही." त्यांनी खणातून यादी काढली आणि बोट ठेवलं. "शांततेच्या जवळपास जाणारं काही बघायचं तर हा बगळा आहे. तासन्‌तास उभा असतो, आवाज करत नाही. चालेल?"

चालवून घ्यावंच लागलं. महिना संपायला बारा दिवस उरले होते. काका जिना उतरले ते अकरा माणसांच्या बगळा निरीक्षण पथकाचे प्रमुख होऊन.

दोन काका-काकू, तिसरे तज्ज्ञ, चौथे दुर्बिणीचे मालक. उरली सात माणसं. काकांनी इमारतीत अत्यंत गुप्तपणे विचारणा केली. गुप्तपणे म्हणजे सेक्रेटरींना सांगून. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लागली आणि संध्याकाळपर्यंत चोवीस नावं जमली. सात निवडून सतरा गाळायचा अधिकार कायद्याने काकांना होता, पण ज्या माणसाला रोज त्याच जिन्याने चढायचं आहे, तो असले अधिकार वापरत नाही. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. एक म्हणे हिरवे कपडे घाला, म्हणजे पक्षी बुजत नाहीत. दुसरा म्हणे हिरवे घातले की डास चावतात. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी बगळ्याला दात नसतात ही बातमी आणली आणि तरीही ते यायला तयार होते. काका सगळ्यांना एकच विनवणी करत होते, "हिला सांगू नका." आणि आश्चर्य म्हणजे कुणी सांगितलं नाही. बारा दिवस सगळी इमारत काकूंना पाणथळाविषयी शंका विचारत होती, पण का विचारतो ते कुणी सांगत नव्हतं.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. पाणथळावर एक तास, एवढंच काकांनी काकूंना सांगितलं होतं. काकूंनी ठेवणीतल्या चपला काढल्या, एक छोटी उशी काखेत मारली आणि त्या जिना उतरू लागल्या. चेहऱ्यावर अशी टवटवी काकांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती, आणि म्हणूनच ते दोन पायऱ्या मागे राहिले. खाली सव्वीस माणसं घडीच्या खुर्च्या, डबे आणि छत्र्या घेऊन रांगेत उभी होती.

"हे कोण?" काकूंनी विचारलं.

"पथक," काका म्हणाले.

"कुणाचं?"

"आपलं."

काकूंनी काकांकडे फक्त पाहिलं. काकांना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं. मग काकूंनी उशी दुसऱ्या काखेत घेतली आणि त्या बसथांब्याकडे चालू लागल्या, आणि मागून लगेच कुणीतरी विचारलं, "काकू, ही बस कुठे कुठे थांबते हो?"

"सगळीकडे," काकू म्हणाल्या.

पाणथळ मात्र पोस्टमास्तरांनी पाहिलं नव्हतं तरी त्यांनी सांगितलं तसंच होतं. शहराचा आवाज शेवटच्या थांब्यापाशी सुटत गेला आणि समोर सपाट, स्वच्छ पाणी आलं. वारा नव्हता. बोरूंमध्ये काहीतरी बारीक हललं आणि थांबलं. काठाला झाड, झाडाखाली बाक, पाण्यात एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा. सव्वीस माणसांनी हातातल्या खुर्च्या हळूच खाली ठेवल्या. काकूंनी खोल श्वास घेतला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. कानठळ्या बसवणारी, लांबलचक.

शिट्टीमागून चौकीदार आला. पाणथळावर शांतता राखणं एवढंच त्याचं काम होतं आणि त्यासाठी सरकारने त्याला एक शिट्टी आणि एक भोंगा दिला होता. चार वर्षं तिथे कुणी फिरकलं नव्हतं. चार वर्षं माणूस शिट्टी गळ्यात बांधून बगळ्याकडे बघत बसला होता. त्याची उमेद आपण समजून घेतली पाहिजे. त्याने भोंगा तोंडाला लावून गर्जना केली, "इथे कुणीही आवाज करायचा नाही!" बगळा उडाला.

"विषय गेला," पोस्टमास्तर म्हणाले. शिट्टी.

काकू जाऊन बाकावर बसल्या. उशी पाठीशी घेतली, डोळे मिटले. काकांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी सेक्रेटरी दुर्बीण घेऊन बाकापाशी आले.

"वहिनी, ते पलीकडे पांढरं दिसतंय ते पाखरू आहे की पिशवी?"

"पिशवी," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

"काकू, इथे साप असतात का?"

"असतात."

"वहिनी, तज्ज्ञ मीच आहे," पोस्टमास्तर वाकून कुजबुजले, "पण जरा सांगता का, बदकाची मान मोठी की बगळ्याची?"

"बगळ्याची."

"काकू, परतीची बस?"

"सव्वाबारा."

बाकापुढे रांग लागली होती. ठरवून नव्हे, आपसूक. काकू ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर पाण्यापलीकडे कुठेतरी. थेट खिडकीवर बसल्यासारख्या. काका घाबरेघुबरे होऊन रांग मोडून पुढे घुसले. त्यांना म्हणायचं होतं की मला माफ कर. पण सवय वाईट.

"अगं, ऊन लागतंय का तुला? पाणी देऊ का? तू रागावलीयस का?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"पुढचे कोण?" त्या म्हणाल्या.

काकांच्या कचेरीत लोकांनी त्यांना नाना नावं ठेवली होती, साहेबांनी चारचौघांत झापलं होतं, एका अर्जदाराने तर शाईची दौत फेकली होती. पण "पुढचे कोण" इतकं त्यांना कधीच काही लागलं नव्हतं. ते बाजूला झाले. मागच्या माणसाने विचारलं, "काकू, बसायला कुठे?" आणि काकूंनी जागा दाखवली. उद्या एक तारीख. आपण या बाईला एक तास देऊ शकलो नाही, हे काकांना अगदी स्वच्छ दिसलं. सगळ्यात जास्त प्रश्न आपणच विचारले, हेही दिसलं.

बाकापासून बऱ्याच अंतरावर, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, पक्षी बघायचा लाकडी मनोरा होता. काका तिकडे निघाले. आधी चालत, मग पळत. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ते शिडीवरून वर चढले, कठड्याला धरून उभे राहिले आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज त्यांनी काढला:

"चौकशीची खिडकी इकडे आहे! ज्याला जे विचारायचंय त्याने इकडे या! तिकडची खिडकी बंद झालीय!"

बोरूंमधून होते नव्हते ते सगळे पक्षी उडाले. चौकीदाराने शिट्टी फुंकली ती श्वास संपेपर्यंत. आणि रांगेतली माणसं, रांग जिकडे जाते तिकडे जाण्याच्या जन्मजात सवयीने, वळून मनोऱ्याकडे चालू लागली.

चौकीदार धापा टाकत वर आला. त्याच्या हातात नियमभंगाच्या अहवालाचं नवंकोरं पुस्तक होतं. चार वर्षांत एक पान फाटलं नव्हतं. त्याने पेन्सिलीला थुंकी लावून काकांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पुस्तक पुढे केलं. "करा सही."

काकांनी पान हातात घेतलं. बावन्न रकाने होते.

"दोनच भरलेत," काका म्हणाले.

"बाकीचे 'असल्यास' आहेत साहेब."

"असल्यास?" काकांचा आवाज एकदम छाननी विभागाचा झाला. "कोऱ्या रकान्यांच्या कागदावर मी सही करीत नसतो. हा काय आहे, रकाना नऊ? 'आवाजाची दिशा'. दहा, 'विचलित झालेले पक्षी, जातवार'. सतरा, 'साक्षीदार, प्रत्येकाचे म्हणणे स्वतंत्र घ्यावे'. किती आहेत साक्षीदार? सव्वीस. घ्या मग म्हणणं. एकेकाचं. सावकाश, आणि त्यांना कुजबुजत बोलायला सांगा, इथे शांतता राखायची असते."

चौकीदाराचा चेहरा उजळला. एवढं काम त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मनोऱ्याखाली रांग लागली. एकेक जण पुढे येऊन चौकीदाराच्या कानात आपलं म्हणणं सांगे आणि मग वर तोंड करून काकांना आपली शंका कुजबुजे. फक्त काकांना मोठ्याने बोलायची मोकळीक होती. एका माणसावर एका दिवसात एकच अहवाल लिहिता येतो, असा नियम चौकीदारानेच पुस्तकाच्या मागच्या पानावरून वाचून दाखवला. त्यामुळे आजच्या दिवसापुरता काकांचा पुढचा सगळा आवाज कायद्यात बसत होता.

आणि काका उत्तरं देऊ लागले. त्यांना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण समोरचा माणूस वाट बघत असला की काहीतरी सांगावं लागतं, आणि ते ठाम सांगावं लागतं, हे पहिल्या पाच प्रश्नांतच त्यांच्या ध्यानात आलं. दहाव्या प्रश्नाला घसा कोरडा पडला. पंधराव्याला त्याच माणसाने तेच पुन्हा विचारलं. विसाव्याला त्यांना रडू यायचं बाकी होतं, आणि तेव्हा घड्याळात फक्त अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. सत्तावीस वर्षं, काकांच्या मनात आलं, रोज आठ तास. आणि मग घरी मी.

अधूनमधून ते बाकाकडे बघत. काकूंची पाठ दिसत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. बगळा परत येऊन त्यांच्यासमोर पाण्यात उभा राहिला होता. पावणेबाराच्या सुमाराला काकांना काकूंचे खांदे हलताना दिसले. रडतेय, त्यांना वाटलं, आणि बाकाकडे बघता बघता दंतवैद्यांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला त्यांनी भलतंच उत्तर देऊन टाकलं.

बाराच्या ठोक्याला बावन्नावा रकाना भरला. काकांनी सगळं पान पुन्हा एकदा तपासलं, एके ठिकाणी राहिलेला पूर्णविराम द्यायला लावलं आणि सही केली. शिक्षा तीन वर्षं प्रवेशबंदी. तीस वर्षं डाग न लागलेल्या माणसाचं नाव सरकारी कागदावर 'दोषी' या शब्दापुढे गेलं. चौकीदाराने मात्र त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा यायचा आग्रह केला. मग बंदीची आठवण होऊन तो ओशाळला.

परतीच्या बसमध्ये दमलेलं पथक माना टाकून बसलं होतं. पोस्टमास्तर डुलक्या घेत होते. काकू खिडकीशी बसल्या होत्या, काका शेजारी. कसं वाटलं, का रडलीस, उद्या जाणार का, किती वाजताची गाडी. काकांच्या पोटात प्रश्नांची नुसती गर्दी झाली होती. पण ते तोंड घट्ट मिटून समोरच्या सीटचा पत्रा बघत राहिले. एक थांबा गेला, दुसरा गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

सहाव्या थांब्याला काकू म्हणाल्या, "विचारा एकदाचं. नाहीतर तुम्हाला काहीतरी होईल."

"काय केलंस तासभर?" काकांचा आवाज पार बसला होता.

"पहिली दहा मिनिटं कुणी हाक मारतंय का याची वाट बघितली. कुणी मारली नाही तर चुकल्यासारखं झालं. मग बगळा आला. मग तुमचा आवाज यायला लागला." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "लोक काय विचारतायत ते ऐकू येत नव्हतं. नुसती उत्तरं यायची पाण्यावरून. 'नाही, मंगळवारी तो उडत नाही.' 'माझ्या मते तीन, पण चौथा म्हातारा आहे.' 'दात पडले म्हणूनच तो एका पायावर उभा राहतो.' मी तर पोट धरून हसले शेवटी. डोळ्यांतून पाणी आलं."

"हसत होतीस?"

"मग? सत्तावीस वर्षं मी लोकांना खरी उत्तरं देतेय, कुणी थांबून ऐकलं नाही. तुम्ही सगळी खोटी दिलीत आणि सव्वीस माणसं माना डोलावत होती." त्या जरा थांबल्या. "लग्न झाल्यापासून तुम्ही कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं हो. कुणीतरी दुसरं खिडकीवर बसलंय आणि आपण मोकळ्या आहोत. इतकं बरं वाटलं."

काकांनी काकूंचा हात हातात घेतला आणि मागे सेक्रेटरी दुर्बीण घेऊन बसलेत हे लक्षात येऊनही सोडला नाही.

"मग आता ताईकडे..." त्यांनी हळूच सुरुवात केली.

"जाणार आहे," काकू म्हणाल्या. "पण चारच दिवस. हे सगळं तिला समोर बसून सांगायला हवं, फोनवर मजा नाही."

काकांनी जोरजोरात मान हलवली. चार दिवस म्हणजे काहीच नाही, ते स्वतःला म्हणाले. तरीही कुठले चार, जायचा आणि यायचा दिवस त्यात धरून की सोडून, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि घर येईपर्यंत काकूंचा हात धरून गप्प बसून राहिले.